डेरेकचं ताट

शुक्रवारचं जेवण बहरेनमधल्या अरादच्या त्या घरात वेळेवर होण्याची प्रथाच नव्हती, पण आज विशाखाच्या सासऱ्यांनी, दाजींनी, कहर केला होता. सकाळपासून स्वयंपाकघराचं दार आतून लावून ते कोंबडी भाजत होते. ज्यांच्या राज्यावर त्यांनी हा हल्ला केला होता त्या त्यांच्या बायको मंगलाबाई बाहेर सोफ्यावर बसून खालच्या मजल्यावरच्या ग्लॅडिसच्या कानात काहीतरी सांगत होत्या, आणि ग्लॅडिस मान डोलावत मोबाइलवर टाइप करत होती. विशाखाने ते पाहिलं आणि नेहमीप्रमाणे मनात टिपून ठेवलं. या घरात कोण कोणाच्या कानात बोलतं याची नोंद ठेवण्याचं काम लग्न होऊन आल्यापासून तिच्याकडेच होतं.

"दाजी, एक वाजून गेला," विशाखाच्या नवऱ्याने, परीक्षितने, दारावर टकटक केली. "रेवाला भूक लागलीय."

"क्लबात साहेब लोक रोस्टसाठी दोन-दोन तास थांबायचे," इंग्रजांच्या क्लबात उमर काढलेल्या दाजींचा आतून आवाज आला. "बीअर पीत."

"रेवा पाच वर्षांची आहे, दाजी!"

"मग तिला क्यूत उभी कर. यल्ला, आटप!"

रेवा उभीच होती. तिच्या पुढे एक बाहुली, मागे कापडी उंट. "आय ॲम सेकंड," ती सगळ्यांना ठणकावून सांगत होती. "कॅमल इज थर्ड. नो पुशिंग!"

हे क्यूचं खूळ विशाखानेच घरात आणलं होतं. पोरीला रांगेत उभं राहायची सवय आत्तापासून लावा, तिकडे इंग्लंडात रांग मोडणाऱ्याला खुनी दरोडेखोरापेक्षा वाईट समजतात, असं तिला सांगण्यात आलं होतं. सांगणारा होता डेरेक.

डेरेक कोण, हे घरात कोणाला ठाऊक नाही अशी तिची समजूत होती.

त्याचं असं झालं होतं. मुहर्रकच्या विमानतळावर इंजिनांशी झटता झटता परीक्षितची सहा महिन्यांपूर्वी मँचेस्टरच्या नोकरीसाठी बोलणी सुरू झाली, आणि आता ती पक्की चालून आली होती. रविवारी होय की नाही ते कळवायचं होतं, आणि "तू म्हणशील तसं" असं बायकोला सांगून तो मोकळा झाला होता. दाजी आणि मंगलाबाईंचा व्हिसा परीक्षितच्या नोकरीवर. तो इंग्लंडला निघाला की त्या दोघांना कुडाळला परतावं लागणार. विशाखा एकदा होय म्हणाली की एका घराची दोन घरं होणार, आणि मधे समुद्र. नाही म्हणाली तर रेवाचं पुढचं शिक्षण, परीक्षितची बढती, सगळं इथेच अडणार. दोन्ही बाजूंनी पाप तिच्याच माथी.

त्यात विशाखा पडली मायक्रोबायोलॉजीची पदवीधर. इंग्लंडमधल्या घरांच्या भिंतींना ओल येते एवढं कळलं आणि कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या सगळ्या बुरश्या आपापली लॅटिन नावं सांगत तिच्या डोक्यात फेर धरायला लागल्या. मग ती फेसबुकवरच्या एका ग्रुपात शिरली. ‘वेट कोट्स अँड बटर्ड टोस्ट’ असं त्याचं नाव. तिथे हजारो इंग्रज आजी-आजोबा दिवसभर जुन्या आठवणी काढत आणि त्यावरून एकमेकांशी भांडत. दारात येणाऱ्या दुधाच्या बाटल्या, चिमण्यांनी टोचलेली त्यांची झाकणं, अंगणातला थंडगार संडास, सोमवारचं धुणं, गरम पाण्याच्या रबरी पिशव्या. चहात दूध आधी की नंतर, यावर एकदा चारशे लोकांची जुंपली होती. गोल पावाला काय म्हणायचं यावरून तर दोन सख्खे भाऊ एकमेकांना ब्लॉक करून मोकळे झाले होते. नोव्हेंबरच्या आधी हीटर लावणाऱ्या बाईला लोकांनी असं काही फैलावर घेतलं की विशाखाने इथे, बहरेनमध्ये, लाजून एसी दोन अंशांनी वाढवला.

या सगळ्या गोंगाटात डेरेक तेवढा शहाणा वाटे. ग्रिम्सबीचा, वयस्क, सभ्य. विशाखा नाव लपवून प्रश्न टाकायची आणि डेरेक न चुकता उत्तर द्यायचा. ‘ओल येते, खोटं कशाला सांगू. रोज सकाळी दहा मिनिटं खिडक्या उघडायच्या, कपडे घरात वाळवायचे नाहीत. एवढं केलं की भिंत तुमची मैत्रीण.’ पोरगी आंबोळीशिवाय काही खात नाही, या प्रश्नावर त्याने लिहिलं होतं, ‘त्यांच्या पॅनकेकला आंबोळी समजून द्या. पोरं फसतात.’ आंबोळी म्हणजे काय हे त्याने विचारलं नाही, याचं तेव्हा विशाखाला काहीच वाटलं नव्हतं.

आणि डेरेकच्या प्रत्येक उत्तराखाली येऊन उभी राहायची ती स्केग्नेसची डोरीन. ‘दहा मिनिटं खिडक्या? पोरीला न्यूमोनिया होईल!’ ‘आई कामाला गेली की मूल कोण बघणार? तिथे शेजारी दार उघडत नाहीत!’ ‘अशा गारठ्यात केस कसे वाळायचे?’ डेरेक दरवेळी ‘आपला मान राखून सांगतो, मॅडम’ अशी सुरुवात करून तिला उडवून लावायचा, आणि डोरीन मान-बिन न राखता परत यायची.

एकदाच, रेवा झोपल्यावर, विशाखाने मनातलं सगळं लिहून टाकलं होतं. ‘सासू-सासरे इतके चांगले आहेत की सोडून जाते म्हणायला जीभ उचलत नाही. आणि तिकडे एकटी पडले तर मी वेडी होईन, याचीही भीती वाटते.’ त्यावर डेरेकने लिहिलं होतं, ‘जा. जे आपले असतात ते जा असंच म्हणतात.’ डोरीनने पहिल्यांदाच भांडण केलं नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, ‘पोरीच्या अंगाला तेल कोण लावणार?’

डोरीनला तेलाचं काय पडलंय, हा विचार विशाखाच्या मनात आला होता. पण म्हातारी माणसं, त्यांच्याकडेही लावत असतील.

दार धाडकन उघडलं. घामाने थबथबलेले दाजी विजयी मुद्रेने बाहेर आले. हातात पहिलं ताट, त्यावर कागदी रुमाल. कोणाकडेही न बघता ते सरळ आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

"पहिलं ताट खोलीत?" विशाखा परीक्षितला म्हणाली. "देवाला नैवेद्य दाखवतात तसं? अरे, कोंबडी आहे ती."

"देवचाराला मान देत असतील," परीक्षित गंभीरपणे म्हणाला. "मँचेस्टरच्या. नव्या गावात जायचं म्हणजे तिथल्या राखणदाराला आधी कोंबडी नको का?"

"गप रे मेल्या," मंगलाबाई सोफ्यावरून ओरडल्या. "देवाचो असलो चाळो करू नये."

पाच मिनिटांनी दाजी ताट घेऊन परत आले. चेहरा असा निर्मळ, जणू आत्ताच आंघोळ झाली. "बसा, बसा! गार होतंय. ग्लॅडिस, तूही बस."

"मी जेवूनच जाणार होते, दाजी," ग्लॅडिस म्हणाली. "तुम्ही नाही म्हणाला असता तरी."

सगळे टेबलाशी बसले. दाजींनी एकेकाला वाढायला घेतलं. कोंबडी, भाजलेले बटाटे, वाटाणे, पुदिन्याचा सॉस. तेवढ्यात विशाखाचा फोन वाजला. डेरेकने फोटो टाकला होता. ‘आमच्याकडचं रविवारचं जेवण, दोन दिवस आधी. बहरेनच्या त्या धास्तावलेल्या आईसाठी. बघ पोरी, एवढं काही वाईट नसतं.’

दोन दिवस आधी? आज तर शुक्रवार, तिकडे कामाचा दिवस. पण इथे शुक्रवार सुट्टीचा, म्हणजे आपला रविवारच म्हणायचा, असा हिशेब त्या डेरेकला कसा सुचला असेल, हा विचार पुरता व्हायच्या आतच विशाखाची नजर खालच्या प्रतिक्रियांवर गेली. ग्रुप नुसता उसळला होता.

‘ताटात मिठाचा ढीग कशाला? मीठदाणी हरवली का?’ असं लीड्सच्या कीथने विचारलं होतं.

‘लिंबू कशासाठी? कोंबडीला सर्दी झालीय?’

‘वाटाणे एका टोकाला, सॉस दुसऱ्या टोकाला. बोलणं बंद आहे का त्यांचं?’

विशाखाने फोटो मोठा केला. वर मधोमध चिमूटभर मीठ. त्याच्या शेजारी लिंबाची फोड. डावीकडे पुदिन्याची चटणी, म्हणजे सॉस. उजवीकडे वाटाणे. मधे कोंबडी, जशी भाताची मूद असावी तशी. तिने मान खाली घालून स्वतःच्या ताटात पाहिलं. वर मीठ. शेजारी लिंबू. डावीकडे पुदिना. उजवीकडे वाटाणे.

क्लबात तीस-चाळीस वर्षं रोस्ट केलं असेल दाजींनी, पण तिथे ते पॅन्ट्रीत असत आणि पानं दुसरं कोणी वाढत असे. घरी हात आपल्या वळणाने गेला.

फोन पुन्हा वाजला. डोरीन, स्केग्नेस. ‘तुम्हा कोणाला काही कळत नाही. मीठ वर, लिंबू शेजारी, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे. नाहीतर वाढणार कुठे? डेरेकचं मला एक अक्षर पटत नाही, पण त्याच्या आईने त्याला वळण चांगलं लावलंय.’

विशाखाने डोळे वर केले. टेबलापलीकडे ग्लॅडिसने नुकताच फोन मांडीवर ठेवला होता आणि मंगलाबाई तिला समाधानाने कोपराने ढोसत होत्या.

विशाखाला हसू फुटू लागलं. ते दाबून धरण्यासाठी तिने ओठ आत ओढून घेतले. मग अगदी साध्या आवाजात ती म्हणाली:

"डेरेक, मीठ द्या जरा."

"घे," म्हणत दाजींनी मिठाची वाटी पुढे केली.

आणि तेव्हाच वरून विमान गेलं. विमान डोक्यावर असेपर्यंत कोणी बोलायचं नाही, बोलून उपयोगच नाही, हा या घराचा जुना नियम. त्यामुळे सगळे जिथल्या तिथे थिजले. दाजींचा वाटी धरलेला हात हवेत. परीक्षितचा घास तोंडाशी. मंगलाबाईंची नजर नवऱ्याकडून सुनेकडे, सुनेकडून नवऱ्याकडे. रेवा तेवढी बटाटा चावत होती. विमान गेलं, खिडकीची काच थरथरायची थांबली, तरी दाजींचा हात तिथेच होता.

"डोरीनबाई," विशाखा सासूकडे वळली, "तुम्हाला वाटाणे?"

ग्लॅडिसला जो ठसका लागला तो लागलाच.

"डेरेक?" मंगलाबाई हळूहळू उठून उभ्या राहिल्या. "तो मेलो डेरेक म्हणजे... तुमी?"

"आणि ती कजाग डोरीन म्हणजे..." दाजींच्या हातातली वाटी लवंडली. "तू? तुका इंग्लिश खयसून येता?"

"माका नाय येणा. ग्लॅडिसाक येता! मी सांगतंय, ती लिवता."

"माझं नाव मधे घेऊ नका हां, मंगलाबाय," ग्लॅडिस डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही म्हणालात, सुनेला कोणीतरी खरं सांगायला हवं, म्हणून मी. माझी मावसबहीण स्केग्नेसला असते, तिचा पत्ता दिला ठोकून. आणि तुमच्या शिव्या किती गाळून लिहायचे, ते मला विचारा!"

"सहा महिने!" दाजी खुर्चीतून अर्धवट उठले. "सहा महिने ही बाई मला नादान, अडाणी, गारठलेला बोकड म्हणतेय!"

"कजाग कोणाक म्हणतास? आणि ती पॅट्रिशिया कोण? रोज तुमका लाल लाल बदाम पाठयता ती?"

"ती विधवा आहे गो. मांजरं पाळते."

"मगे मांजरांक पाठवू दे!"

परीक्षित टेबलावर डोकं टेकून हसत होता. "आई," तो कसाबसा म्हणाला, "चाळीस वर्षांत आज पहिल्यांदा तू आजीची, तुझ्या सासूची, तारीफ केलीस. वळण चांगलं लावलंय म्हणून. तीसुद्धा जगजाहीर."

मंगलाबाईंना हे आत्ता कळलं. त्या मटकन खाली बसल्या. "माज्या तोंडात माती पडो," त्या पुटपुटल्या. "ग्लॅडिस, ता पुसून टाक."

"आता मफी, शक्य नाही. बावन्न लोकांनी लाइक केलंय."

हसता हसता विशाखाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना. सगळ्यांच्या ते लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"मी सगळं तिथे लिहिलं होतं," ती म्हणाली. "बुरशीचं, एकटेपणाच्या भीतीचं... तुम्हाला सोडून जायचं कसं ते. मला वाटलं, कोणीतरी लांबचं आहे. ओळख ना पाळख, म्हणून लिहिलं. आणि तुम्ही भिंतीपलीकडे बसून वाचत होतात?"

 दाजींनी लवंडलेलं मीठ तळहाताने गोळा केलं.

"बहरेनची आई, पाच वर्षांची पोर, नवरा विमानतळावर, आणि आंबोळी," ते शेवटी म्हणाले. "मला पहिल्या दिवशीच कळलं, गो. सांगायला येणार होतो. पण तू मला विचारलं नव्हतंस. डेरेकला विचारलं होतंस."

"पण डेरेक कशाला? तुम्ही कधी इंग्लंडला पाऊल ठेवलं नाहीत!"

"डेरेकसाहेब खरा होता. क्लबात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचा. रोज तेच सांगायचा. ग्रिम्सबी, दुधाच्या बाटल्या, आईने गरम विटेवर वाळवलेले मोजे. बाकीचे साहेब कंटाळून उठून जायचे. पॅन्ट्रीतलं काम आटोपलं की मी बारवर ग्लास पुसत ऐकायचो. तो गेला तेव्हा त्याचं मागे कोणी नव्हतं." दाजी जरा ओशाळून हसले. "ते एवढे मोजे आणि बाटल्या माझ्याकडे पडून होत्या. मी फेसबुकवर टाकायला लागलो तर लोक म्हणाले, हो हो, अगदी असंच! साहेब असता तर खूश झाला असता. नाव त्याचंच ठेवलं, आठवणीही त्याच्याच. सल्ले तेवढे माझे."

"आणि ‘जा’ म्हणालात ते?"

"ते माझं."

विशाखा सासूकडे वळली. "आणि आई, तुम्हाला आम्ही जाऊ नये असंच वाटतं ना?"

मंगलाबाईंनी रेवाच्या तोंडाला लागलेला सॉस पदराने पुसला. "माका वाटता तुमी जावचा," त्या म्हणाल्या. "आणि माका वाटता तुमी जाव नये. दोनय वाटता. पण तो मेलो डेरेक रोज ‘जा, जा’ म्हणी. मगे ‘नको’ कोणीतरी सांगूक होया, की नको? नायतर तुका वाटला असता, हिका आपली पर्वाच नाय."

 गेले कित्येक महिने विशाखा अनोळखी माणसांची मतं धान्यासारखी निवडत बसली होती. आणि त्या हजारो माणसांत तिच्या पोरीच्या तेलाची काळजी करणारी एकच निघाली होती, आणि तिला पोरी म्हणणारा एकच. दोघंही याच टेबलावर, चटणी डावीकडे वाढून बसलेले.

तिला सगळ्यात जास्त भीती कशाची होती? तिथे रेवाला ताप भरला आणि परीक्षित शिफ्टला असला, तर विचारायचं कोणाला, याची. पण आजवर ज्याला विचारत आली तो ग्रिम्सबीत नव्हताच. तो अरादमध्ये होता, उद्या कुडाळमध्ये असेल. उत्तर तेवढ्याच वेळात येईल. आणि त्या उत्तराखाली डोरीनही येईल.

"जाऊया," ती परीक्षितला म्हणाली. "कळवून टाक."

परीक्षितने घास खाली ठेवला. "नक्की?"

"नक्की. दोन अटी आहेत. पहिला हिवाळा संपला की या दोघांना तिकडे बोलवायचं, महिना दोन महिने. दाजींना ग्रिम्सबी दाखवायचं. आणि डेरेकने ग्रुप सोडायचा नाही."

"म्हणजे मी डेरेक राहू?" दाजींनी लहान मुलासारखं विचारलं.

"राहायचंच. मला अडीअडचणीला विचारायला तिकडचं कोणीतरी जाणतं हवंच ना."

"आणि माजा काय?" मंगलाबाई फणकारल्या. "माका कोण विचारूचा नाय?"

"तुम्हाला कशाला विचारायला हवं, आई? तुम्ही न विचारता येता."

"आजी," रेवा म्हणाली, "आर यू फेमस?"

पुन्हा एक विमान आलं आणि सगळे पुन्हा थांबले, पण या खेपेला परीक्षितने तेवढ्यात हात लांब करून आईच्या ताटातला बटाटा पळवला आणि मंगलाबाईंनी आवाज न करता त्याच्या हातावर चापट मारली. विमान गेलं तेव्हा विशाखाचा फोन वाजत होता. तिने वाचलं आणि तिला पुन्हा हसू फुटलं.

"काय लिवल्यानी?"

"लीड्सचा कीथ. म्हणतोय, डेरेक आणि डोरीन, तुम्ही दोघं सहा महिने नवरा-बायकोसारखे भांडताय. आज तिने त्याची बाजू घेतली. आता एकदाचं लग्न करून टाका."

दाजींनी घसा साफ केला, खुर्ची ओढली आणि मोठ्या तोऱ्यात बायकोच्या ताटात आणखी वाटाणे वाढले. उजवीकडे.

मंगलाबाईंनी त्या वाटाण्यांकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं, आपादमस्तक, जणू कोणी स्थळ सांगून आलंय.

"ग्लॅडिस," त्या म्हणाल्या, "फोन घे. लिव त्याका. म्हणा, ताट बरा वाढता. इचार करूक हरकत नाय. पण आधी त्या पॅट्रिशियाची मांजरां आवर म्हणा."